नवं इंजिन, पण ओढ नाही

मृग लागायला आठ दिवस उरले होते आणि मोझरीच्या शिवारात माझा मावसभाऊ ट्रॅक्टरवर बसून नुसता आवाज ऐकत होता. तीन सिलिंडरचा, पस्तीस एचपीचा ट्रॅक्टर, मागे रोटावेटर. पंधरा वर्षं राबलेल्या या यंत्राचं इंजिन वैशाखात पूर्ण बांधून आलं होतं. नवे लाइनर, नवे पिस्टन, नव्या रिंगा, घासून आणलेली क्रँक, नवी बेअरिंगं, हेडचं सगळं काम. अर्ध्या सेल्फवर सुरू व्हायचं. उभं असताना इतकं गोड वाजायचं की मावशी ओसरीतून म्हणाली होती, "नवाच आनल्यासारखा वाटते बाप्पा."

पण रोटावेटरची पाती काळ्या जमिनीत टेकली की पन्नास-साठ पावलांत आवाज खाली बसायचा. भाऊ रोटावेटर वर उचलायचा, आवाज पुन्हा उघडायचा. पुन्हा टेकवला की पुन्हा तेच. साठ हजारांवर खर्च करून आणलेलं इंजिन बांधण्याआधीच्या, निळा धूर सोडणाऱ्या, महिन्याला ऑइल पिणाऱ्या इंजिनापेक्षा कमी काम करत होतं.

"ओढतच नाई," भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी होता, धास्ती जास्त होती.

या अंकाच्या संपादकांनी 'दुरुस्ती' हा विषय कळवला तेव्हा त्यांनी मला एकच सांगितलं होतं: पाना-पकडीची, हात काळे करणारी दुरुस्ती जवळून बघून या. मी मोझरीला गेलो तो या ट्रॅक्टरसाठी. पाच दिवस राहिलो. त्या पाच दिवसांत जे पाहिलं ते एका ट्रॅक्टरपुरतं नव्हतं. शक्ती गेली म्हणजे नेमकं कुठून गेली, हे शोधायची एक रीत असते. ती रीत सोडली की माणूस चांगलं इंजिन पुन्हा खोलून बसतो.

पेरणीच्या तोंडावर

वऱ्हाडात ट्रॅक्टर बंद पडण्याची वाईट वेळ एकच. आता आठवड्याने मृग निघणार, मग पाऊस कधी येईल ते आभाळावर. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षं सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. तो पाऊस झाला आणि वाफसा आला की मधले चार-सहा दिवसच हातात असतात, आणि त्याच दिवसांत सगळ्या गावाला ट्रॅक्टर एकाच वेळी हवा असतो. भाड्याचा ट्रॅक्टर तेव्हा कुणाच्या शब्दावर येत नाही. जमीन काळी, भारी. ओली झाली की चाक धरते, कोरडी असली की ढेकूळ दगडासारखं. इथल्या इंजिनाला सवलत मिळत नाही.

ज्या गॅरेजात इंजिन बांधलं होतं तिथे भावाने फोन केला. उत्तर आलं, "आणून टाका, पुन्हा खोलून पाहू." पुन्हा खोलणं म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं. ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चौकट नसते. इंजिनाचा सांगाडा हाच ट्रॅक्टरच्या पाठीचा कणा असतो. क्रँक काढायची तर क्लचपाशी ट्रॅक्टरचे दोन तुकडे करावे लागतात, पुढचा भाग ठोकळ्यांवर, मागचा जॅकवर. हेड खोललं की गॅस्केट वाया. नुकत्याच बसू लागलेल्या रिंगा पुन्हा हलल्या की त्यांचं लाइनरशी जमलेलं पृष्ठ मोडतं. आणि दिवस जातात ते वेगळेच.

चौकातल्या चहाच्या टपरीवर निदानांची कमतरता नव्हती. एक म्हणाला पिस्टन डुप्लिकेट निघाले. दुसरा म्हणाला रिंगा उलट्या बसल्या. तिसऱ्याने पंपाचं सील तोडून 'डिझेल वाढवून घ्या' असं सुचवलं. हा तिसरा सल्ला सगळ्यांत घातक होता. तो का, ते पुढे सांगतो. भाऊ त्याच सल्ल्याकडे झुकला होता, हे इथे नोंदवतो, कारण अडलेला माणूस नेहमी सर्वांत जलद उपायाकडेच झुकतो.

टिनाच्या शेडमधला पहिला प्रश्न

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की नांदगाव पेठ मागे पडल्यावर, तिवश्याच्या अलीकडे गुरुकुंज मोझरी लागते. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथे आश्रम उभारला आणि मोझरीच्या आधी गुरुकुंज हे नाव लागलं. महासमाधी महामार्गालगतच आहे. रात्रंदिवस मालमोटारी जातात, आणि त्यांच्या आवाजात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना चालते. १९५५ साली आलेल्या 'ग्रामगीते'चे ४१ अध्याय आहेत आणि त्यांत गावाच्या आरोग्यापासून श्रम-संपत्तीपर्यंतचा विचार आहे. गावाची गरज गावातल्या हातांनी भागावी, हा त्यातला आग्रह मला त्या पाच दिवसांत एका टिनाच्या शेडमध्ये जिवंत दिसला.

शेड महामार्गापासून आत. दाराशी तेल मुरून काळी झालेली माती. भिंतीवर पान्यांची रांग, फळीवर ग्रीसच्या डब्याशेजारी ग्रामगीतेची प्रत, तिच्या पुठ्ठ्यावर अंगठ्याचे काळे ठसे. मिस्त्री पासष्टीचे. तरुणपणी विहिरीवरच्या इंजिनांवर हात बसला, मग ट्रॅक्टरवर. गाव त्यांना 'मिस्त्रीकाका' म्हणतं, मीही तेच म्हणालो.

भावाने एका श्वासात सगळं सांगितलं. पिस्टन, रिंगा, टपरीवरचे तर्क, सगळं. काकांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं:

"इंजिन दबते का गाडी दबते, हे पयले सांग."

भावाला प्रश्न कळला नाही. मलाही नाही. काकांनी समजावलं. वजन आलं की इंजिनाचे फेरे कमी होतात का? की फेरे तसेच राहतात, किंबहुना वाढतात, आणि काम मात्र होत नाही? पहिल्यात शक्ती तयारच होत नाही. दुसऱ्यात ती तयार होते, पण वाटेत सांडते. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही. इंजिन बांधताना ट्रॅक्टर दोन भागांत वेगळा झाला होता, म्हणजे क्लच प्लेटही निघाली होती. म्हणून ती शंका आधी मिटवायला हवी होती.

चाचणी साधी होती. मोकळ्या जागेत, पुढे माणूस नाही हे पाहून, ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन गचकन बंद पडलं. क्लच धरत होता. म्हणजे दबत होतं ते इंजिनच.

"आता खोलाचं नाई," काका म्हणाले. "खोलाले दोन तास लागते, जोडाले दोन दिवस. पयले पाह्याचं."

देवबागहून आलेलं तेच उत्तर

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये बसलो असताना काकांच्या पुतण्याचा फोन आला. तो गेली काही वर्षं हंगामात मालवणजवळच्या देवबाग-तारकर्लीला असतो. तिथल्या पाण्यावर पळणाऱ्या जेट स्कींची देखभाल त्याच्याकडे असते. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किनाऱ्यावर जलक्रीडा बंद, तेव्हा यंत्रं किनाऱ्यावर ओढून खोलायची हीच वेळ. वऱ्हाडातला, समुद्रापासून शेकडो मैलांवर वाढलेला मुलगा खाऱ्या पाण्याची इंजिनं बांधतो. काका हे अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान त्यांना शोभतो.

त्याच्याकडेही तेच दुखणं आलं होतं. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, नवे पिस्टन, नव्या रिंगा, कॉम्प्रेशन दोन्हीकडे सारखं, आणि पाण्यात उतरवली की गाडी अर्ध्या वेगाच्या वर जायला तयार नाही.

जेट स्की हे मुळात कावासाकी कंपनीने १९७३ पासून वापरलेलं विक्रीचं नाव. आता आपण सगळ्याच कंपन्यांच्या तशा वाहनांना तेच म्हणतो. बाहेर फिरणारा पंखा तिला नसतो. पोटाखालून पाणी आत ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोराने फेकायचं, त्या धक्क्याने ती पळते. हे काम करणारा इंपेलर एका कड्यात फिरतो, आणि कडं व पाती यांत मिलिमीटरच्या अंशाइतकीच फट हवी. वाळू खाऊन कडं झिजलं, किंवा किनाऱ्यावरची प्लास्टिकची पिशवी आत अडकली, तर पाण्यात बुडबुडे होतात, पात्यांना धरायला घट्ट पाणी मिळत नाही. अशा वेळी इंजिनाचे फेरे चढतात आणि गाडी पळत नाही. काकांच्या क्लचचीच ही पाण्यातली बहीण.

"काका, माह्यावाले फेरेच चढत नव्हते," पुतण्या स्पीकरवर सांगत होता. "म्हनजे पंप बरोबर, घोटाळा इंजिनाकडं."

अशा जुन्या, कार्बोरेटरच्या इंजिनात पेट्रोल पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाला वेगळी शक्ती नसते. क्रँककेसमध्ये पिस्टनच्या खालीवर होण्याने दाबाचे जे ठोके पडतात, ते एका बारीक नळीतून पंपाच्या पडद्यापर्यंत जातात आणि पडदा हलतो. इंजिन बाहेर काढायचं तर ती नळी सोडावी लागते. त्याने ती परत लावली होती, पण पंधरा वर्षांची नळी टोकाशी तडकली होती. मंद गतीला तेवढे ठोके पुरत होते. वेग मागितला की पेट्रोल कमी पडायचं.

नळी बदलायला दहा मिनिटं लागली. पण त्याने पुढे जे सांगितलं त्यासाठी मी वही उघडली. टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाला पेट्रोल कमी मिळालं की ते नुसतं मंदावत नाही, ते तापतं. शिवाय ज्या इंजिनांत वंगणाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, त्यांत पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. त्या अवस्थेत 'बघू जरा जोर लावून' म्हणत पळवलं की नवा पिस्टन वितळतो किंवा लाइनरला धरतो. डिझेलचं उलट आहे: डिझेल कमी मिळालं तर इंजिन थंडपणे दुबळं होतं, आणि जास्त मिळालं तर तापतं. एकाच लक्षणापाठी दोन इंजिनांत दोन वेगळे धोके. जेट स्कीवाल्याने शक्ती गेली की लगेच थांबावं. ट्रॅक्टरवाल्याने डिझेल वाढवायचा मोह आवरावा.

धूर

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा मूळ जागेच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यात दाबली की तिचं तापमान पाचशे अंशांवर जातं, आणि त्या तापलेल्या हवेत नोजलमधून डिझेलची वाफेसारखी बारीक फवार सुटते. ती आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबुर्गमध्ये चालवून दाखवलेलं यंत्र हेच. त्यामुळे इथे शोधायला मूळ तीनच गोष्टी: हवा पुरेशी आत येते का, ती पुरेशी दाबली जाते का, आणि डिझेल योग्य वेळी, योग्य मापात, योग्य फवाऱ्याने पडतं का.

काकांनी भावाला ट्रॉली जोडायला लावली, तिच्यात माती भरली आणि आम्ही चढाच्या रस्त्यावर गेलो. काका सायलेन्सरच्या तोंडाकडे बघत मागे दुसऱ्या गाडीवर. काळा धूर असता तर डिझेल आहे, पण हवा कमी, असा अर्थ: एअर क्लीनर तुंबला किंवा कोणी बोळा आत विसरला. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर असता तर डिझेल उशिरा पडतंय. टायमिंगचा गिअर एक दात सरकून बसला की हे होतं. निळा असता तर ऑइल जळतंय, मग रिंगांवर बोट ठेवता आलं असतं.

चढावर इंजिन बसलं. सायलेन्सरमधून जवळजवळ काहीच निघत नव्हतं.

काका समाधानाने मान हलवताना दिसले. जोर नाही आणि धूरही नाही, म्हणजे जळायलाच काही नाही. पोटात अन्न पोचत नाही.

तरी त्यांनी कॉम्प्रेशन तपासलं. टपरीवरच्या बोलण्याचं उत्तर आकड्यात द्यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. नोजल काढून त्या जागी गेज बसवलं आणि सेल्फ मारला. तिन्ही सिलिंडर चारशे पीएसआयच्या आसपास, आपसांतला फरक किरकोळ. गॅरेजवाल्यांनी लाइनर, पिस्टन, रिंगांचं काम नीट केलं होतं. हे मला महत्त्वाचं वाटलं, कारण भाऊ तोवर त्यांना नको ते बोलून बसला होता.

नोजल परत बसवल्यावर इंजिन मंद चालू ठेवून काकांनी एकेका सिलिंडरकडे जाणाऱ्या पाइपचा नट फडकं टाकून अर्धा फेरा ढिला केला. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडावं त्याचा ठोका गळायचा आणि इंजिन लंगडायचं. तिन्ही वेळा सारखंच लंगडलं. तिघंही आपापला वाटा उचलत होते. फडकं का, तर नोजलमधलं डिझेल वातावरणाच्या दोनशे पट दाबाने सुटतं. ती फवार कातडीतून आत शिरते आणि बोट गमवावं लागू शकतं. एका पोराने वाकून बघायला हात पुढे केला तर काकांनी त्याला दूर ढकललं. पाच दिवसांत त्यांचा आवाज चढलेला मी तेवढ्या एकदाच ऐकला.

ज्या वाटेने पाना गेला

"जे नवं टाकलं त्याच्यावर सारे डोये लावून बसते," काका म्हणाले. "मी म्हनतो, जे खोललं अन् परत लावलं, थे पाहा. पाना ज्या वाटेनं गेला त्या वाटेनं मांगं जा."

मला ही त्या पाच दिवसांतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. नवा पिस्टन पेटीतून येतो, मोजून बसतो, त्याच्यावर पैसा खर्च झालेला असतो म्हणून त्याच्यावर लक्षही असतं. पण त्याच्यापर्यंत पोचायला ज्या पंचवीस जुन्या गोष्टी बाजूला कराव्या लागतात — नळ्या, सळ्या, टाकी, जाळ्या, क्लिपा — त्यांची नोंद बिलात नसते. त्या अंदाजाने परत लागतात.

काकांनी भावाला सीटवर बसवून हातातला एक्सिलेटर पूर्ण ओढायला सांगितला आणि स्वतः पंपापाशी वाकले. मलाही बोलावलं. पंपाच्या अंगावर एक छोटा दांडा असतो. तो जितका फिरतो तितकं जास्तीत जास्त डिझेल मागता येतं, आणि शेवटी तो एका सील केलेल्या स्क्रूला टेकतो. एक्सिलेटर पूर्ण ओढलेला होता आणि दांडा व स्क्रू यांच्या मध्ये माझी करंगळी सहज जात होती.

एक्सिलेटरपासून पंपापर्यंत जाणारी सळी दोन्ही टोकांना आट्यांची असते, म्हणजे तिची लांबी कमी-जास्त करता येते. इंजिन काढताना ती निघाली होती, लावताना चार-सहा आटे जास्त आत गेले होते. कागदाची चकती क्रँकच्या पुलीवर चिकटवून काकांनी फेरे मोजले: पूर्ण एक्सिलेटरला १८५०. बिनभाराचे फेरे २२००च्या वर हवे होते. इंजिन पूर्ण ताकद मागतच नव्हतं, आणि चालवणाऱ्याला वाटत होतं की आपण पूर्ण मागितली आहे.

सील तोडायचा सल्ला इथे किती महागात पडला असता ते बघा. तो स्क्रू फिरवला असता तरी दांडा त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता, त्यामुळे काहीच घडलं नसतं. मग पंपाच्या आतलं माप वाढवलं असतं. मग कधीतरी कोणीतरी सळी नीट केली असती आणि त्या दिवशी इंजिनात मापाबाहेर डिझेल ओतलं गेलं असतं: काळा धूर, तापलेले पिस्टन, पुन्हा साठ हजार. १९५१ मध्ये मायको कंपनी निघाली आणि तिचे डिझेल पंप गावोगावच्या इंजिनांवर बसले; आजही कित्येक मिस्त्री अशा पंपाला मायकोच म्हणतात. तो पंप खोलायचा, मापायचा तर त्यासाठी कॅलिब्रेशनचं यंत्र लागतं. सील त्यासाठीच असतं.

सळी लावली. फेरे २२५० वर गेले. भाऊ काकांच्या पाया पडायला वाकला, पण काकांनी त्याला अडवलं. "पयले रानात चाल."

दहाव्या मिनिटाला

रानात रोटावेटर टेकला आणि ट्रॅक्टर निघाला. एक पट्टा, दुसरा पट्टा, भाऊ मागे वळून हसला. दहाव्या मिनिटाच्या सुमारास आवाज पुन्हा जड होऊ लागला. एकदम नाही, हळूहळू, माणूस दमावा तसा. थांबून पाच मिनिटं उभा ठेवला की पुन्हा दहा मिनिटं नीट.

इथे एखादा मिस्त्री हताश झाला असता. काकांना उलट खूण पटली. गरम झाल्यावर शक्ती जात असेल तर टॅपेट घट्ट असण्याचा संशय घ्यावा, कारण तापून वाढलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. पण तसं असतं तर पाच मिनिटांच्या विश्रांतीत इंजिन काही थंड होत नाही. पाच मिनिटांत भरून येतं ते भांडं. म्हणजे फिल्टरच्या भांड्यात साठलेलं डिझेल दहा मिनिटं पुरतं, आणि मागून येणारी धार कमी आहे.

फिल्टरकडे येणारी नळी सोडून खाली बाटली धरली. आधी बोटाएवढी धार आली, मग करंगळीएवढी, मग दोऱ्याएवढी. टाकीचं झाकण उघडून पाहिलं. धार तशीच, म्हणजे झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं नव्हतं. मग टाकी रिकामी करून खालचा कॉक काढला. त्याच्या वरच्या जाळीवर तपकिरी-काळा, साबणाच्या लगद्यासारखा थर होता.

टाकीच्या तळाशी पंधरा वर्षांत गाळ बसला होता, आणि बसलेला होता तोवर कुणाला त्रास देत नव्हता. इंजिन काढायला टाकी उतरवावी लागली. ती गॅरेजच्या कोपऱ्यात अठरा दिवस आडवी पडून होती. गाळ सुटला. नवं डिझेल भरलं तसा तरंगला आणि जाळीवर येऊन बसला. टाकी धुतली, जाळी घासली, दोन्ही फिल्टर नवे टाकले, नळीतली हवा हातपंपाने काढली. हवा काढणं म्हणजे बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत ब्लीड स्क्रू ढिला ठेवून पंप मारत राहायचं. हे काम अर्धवट सोडलं तर त्याचंही लक्षण अशक्तपणाच असतं.

सगळं मिळून खर्च हजार रुपयांच्या आतला. सूर्य कलला होता. काकांनी साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, आणि प्रार्थनेला निघाले. जाताना भावाला म्हणाले, उद्या सकाळी या, हेड पुन्हा कसाचं हाय.

बांधल्यानंतरचे पन्नास तास

हेड पुन्हा कसणं ही गोष्ट बिलात कधी दिसत नाही. नवं गॅस्केट पहिल्या तापण्यांत दबतं, बोल्ट सैल पडतात, म्हणून काही तास चालल्यावर टॉर्क पान्याने ठरलेल्या क्रमाने ते पुन्हा आवळायचे. हेड खाली बसलं की टॅपेटची फट बदलते. म्हणून लगेच फिलर गेजने तीही पुन्हा ठेवायची. पत्र्याच्या पात्यांनी मोजायची ही फट मिलिमीटरच्या पाव ते चार दशांश एवढीच असते.

नव्या रिंगांबद्दलही गावात उलटा समज आहे. लोक नवं इंजिन जपायचं म्हणून तासन्‌तास रिकामं, मंद चालवतात. रिंग लाइनरवर घासून बसायला तिच्यामागे दाब लागतो, आणि दाब कामातून येतो. रिकामं चालवलं की लाइनर काचेसारखा गुळगुळीत होतो, त्यावर ऑइलचा थर भाजतो, रिंग कधीच नीट बसत नाही. मग इंजिन जन्मभर ऑइल पितं. पहिले पन्नास तास मध्यम काम, बदलता वेग, अति ओझं नाही आणि रिकामी घरघरही नाही. आणि मग पहिलं ऑइल बदलायचं, कारण त्यात घासलेल्या धातूची भुकटी असते. भावाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

ताकद मोजायची खरी जागा अर्थात डायनामोमीटर. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिथे पीटीओला, म्हणजे रोटावेटर फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, भार लावून ट्रॅक्टरची शक्ती, डिझेलचा खप मोजतात. गावाला ते शक्य नाही. पण गावाकडे चढ आहे, मातीची ट्रॉली आहे, घड्याळ आहे. तोच चढ, तेवढंच वजन, तोच गिअर, बांधण्याआधी आणि नंतर. एवढं ठेवलं तरी 'वाटतं' जाऊन 'दिसतं' येतं. जागाही सारखीच हवी. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटरवर आहे, तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेलं कुठलंही इंजिन खालच्या मैदानापेक्षा अशक्तच वागणार. तिथे नेलेला ट्रॅक्टर बिघडलेला नसतो.

माझ्या आजोबांच्या काळात मोट होती. मग विहिरीवर डिझेल इंजिन आलं. पुण्याला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली, राजकोटहून मिनिटाला ६५० फेऱ्यांची जड, संथ लिस्टर धाटणीची इंजिनं आली. ती इंजिनं इतकी उघडी होती की शेतकरी स्वतः नोजल काढून बघायचा. ट्रॅक्टरने ते नातं थोडं तोडलं, आणि पंपाचा कारभार संगणकाकडे गेलेले नवे ट्रॅक्टर ते आणखी तोडतील. तरीही तिथेसुद्धा टाकी, जाळी, नळी, हवेचा क्लीनर आणि क्लच हे पाच जण राहणारच आहेत, आणि त्यांना तपासायला संगणक लागत नाही. मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण 'आता आपल्या हातात काही नाही' असं म्हणणारे तरुण शेतकरी मला मोझरीतही भेटले.

वहीतलं पान

पाचव्या दिवशी हेड कसून, टॅपेट ठेवून ट्रॅक्टर रानात गेला. मी बांधावर घड्याळ लावून उभा होतो. पाऊण तास सलग. चढावर मातीची ट्रॉली आधी बसली होती त्याच गिअरमध्ये वर गेली, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी हलका करडा धूर दिसत होता. काम करणाऱ्या जुन्या डिझेलला तेवढा असतोच. भावाने गॅरेजवाल्याला फोन करून आधी बोललेलं मागे घेतलं आणि सळीचं, टाकीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

काकांनी शाळेच्या वहीचं एक पान फाडून भावाला दिलं. त्यावर तारीख, तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, मंद आणि पूर्ण एक्सिलेटरचे फेरे, टॅपेटची फट, हेड कसल्याची तारीख, ऑइल कधी बदलायचं ते, आणि चढावरचा गिअर. ते पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवलं आहे.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा सोयाबीन निघालेलं असेल, आश्विन वद्य पंचमीला ४ वाजून ५८ मिनिटांनी तुकडोजी महाराजांना मौन श्रद्धांजली वाहून गुरुकुंजातली गर्दी पांगलेली असेल आणि हरभऱ्यासाठी राने तयार होत असतील. तुमच्यापैकी कुणी इंजिन बांधायला टाकणार असेल तर माझी एक विनंती आहे. ते घरी आणण्याआधी मिस्त्रीसमोर एक्सिलेटर पूर्ण ओढून पंपाचा दांडा स्क्रूला टेकतो का ते स्वतः वाकून बघा, टाकी धुतली का ते विचारा, आणि असं एक पान लिहून मागा.